उभं उठायचं, आडवं उडायचं : मधल्या दहा सेकंदांची गोष्ट

"हे ड्रोन आहे की विमान?"

रविवारी सकाळी मॉडेल उडवायला गेलं की हा प्रश्न ठरलेला. फिरायला आलेले आजोबा विचारतात, क्रिकेटचा डाव थांबवून पोरं विचारतात. प्रश्न रास्तच आहे. समोर असतं दीड मीटर पंखांचं, चांगलं विमानासारखं विमान. पण ते जमिनीवर धावत नाही आणि हातानं फेकावंही लागत नाही. जागच्या जागी सरळ वर उठतं, नारळाच्या शेंड्याएवढं गेलं की क्षणभर थबकतं आणि मग पुढे सरकायला लागतं. बघता बघता चार मोटरींचा घोंघाट विरतो आणि शेपटाकडच्या एकाच पंख्याची बारीक घरघर उरते. परत येताना सगळं उलट्या क्रमानं घडतं आणि विमान चटईएवढ्या जागेत उतरतं.

हल्ली 'उडत्या टॅक्सी'च्या बातम्या येतात, त्यांच्या चित्रातलं यंत्र म्हणजे हेच, फक्त माणसं बसतील एवढं मोठं. अशा विमानांना 'व्हीटॉल' म्हणतात. उभं उड्डाण आणि उभं उतरणं, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. मॉडेलवाल्यांच्या भाषेत आणखी दोन शब्द लागतील. हवेत एका जागी तरंगणं म्हणजे 'हॉवर', आणि हॉवरमधून पुढच्या उड्डाणात जाणं म्हणजे 'ट्रान्झिशन'.

वर उठणं आता अवघड राहिलेलं नाही, पाचशे ग्रॅमचं ड्रोनही ते करतं. पुढे उडणं तर त्याहून सोपं. जीव खालीवर होतो तो या दोन्हींच्या मधल्या दहा सेकंदांत.

पतंग आणि भिंगरी

संक्रांतीला पतंग उडवलेल्या कुणालाही पंख समजावून सांगायची गरज नाही. वारा पडला की पतंग गटांगळ्या खायला लागतो. मग आपण मांजा भराभर ओढतो. पतंग आपल्याकडे खेचला जातो, त्याच्या अंगावर हवा येते आणि तो पुन्हा चढतो. वारा पतंगाकडे आला काय किंवा पतंग वाऱ्याकडे गेला काय, त्याला दोन्ही सारखंच. विमानाचा पंखही तसाच. मांज्याच्या जागी मोटर असते, एवढाच फरक.

मेख अशी, की पंखाची उचल वेगाच्या वर्गानं बदलते. वेग निम्मा झाला तर उचल निम्मी होत नाही, पावपट होते. नाक थोडं वर करून काही भरपाई करता येते, पण एका मर्यादेपलीकडे हवा पंखाच्या वरच्या अंगाला धरून वाहायची सोडून देते आणि पंख भार टाकतो. याला 'स्टॉल' म्हणतात. माझ्या मॉडेलचा स्टॉल सेकंदाला साधारण १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास होतो. त्याच्या खाली ते विमान नसतं, पंख लावलेला फोम असतो.

दुसरा मार्ग जत्रेतल्या भिंगरीचा. काडी दोन तळहातांत फिरवून सोडली की ती हवा खाली ढकलते आणि स्वतः वर जाते. हिला वेगाची गरज नाही, पण तिची गिरकी थांबली की खेळ संपला. ड्रोन म्हणजे एकत्र बांधलेल्या चार भिंगऱ्या.

तरंगणं एवढं महाग का पडतं?

होडीत बसून आधी रुंद वल्ह्यानं आणि मग आमटी वाढायच्या डावानं वल्हवून बघा. पुढे जायचं तर पाणी मागे ढकलायला हवं. पुष्कळ पाणी सावकाश ढकला किंवा थोडं पाणी जोरात ढकला, होडीला धक्का सारखाच देता येतो. पण अर्धंच पाणी दुप्पट वेगानं ढकललं तर धक्का तेवढाच आणि मेहनत मात्र दुप्पट.

हॉवर करणारा पंखा हा डाव आहे. त्याच्या वाट्याला त्याच्या वर्तुळातलीच हवा येते, ती त्याला जोरात खाली फेकावी लागते. पुढे धावणारा पंख दर सेकंदाला नवी हवा गाठतो आणि तिला जराशी खाली वळवून निघून जातो. ते रुंद वल्हं.

आता आकडे बघू. माझ्या मॉडेलचं वजन १ किलो ८०० ग्रॅम. त्याला १० इंची चार उभे पंखे आहेत. तरंगत राहायला त्याला साधारण २२० वॉट लागतात. तेच ताशी ५८ किलोमीटरनं सरळ उडताना ७० वॉट पुरतात. म्हणजे एका जागी थांबायचा खर्च पुढे जाण्याच्या तिप्पट! बॅटरी चार सेलची, ५००० मिलिअँपिअर-तासांची, यातली ८० टक्केच वापरायची असते. नुसतं तरंगलं तर १६ मिनिटांत खेळ आटोपतो. चढायला एक आणि उतरायला एक मिनिट धरलं, तर बाकीच्या वीजेवर ४० मिनिटांहून जास्त उडता येतं. तरंगण्याची ती दोन मिनिटं उड्डाणाची सहा मिनिटं खाऊन जातात.

हे गणित पुण्याच्या हवेतलं आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंची आणि त्यात एप्रिलची दुपार, म्हणजे हवा मुंबईच्या थंड सकाळीपेक्षा दहा-बारा टक्के विरळ. पंख्यांना जास्त राबावं लागतं. मे महिन्यात दुपारी मॉडेल 'जड' उडतं असं मॉडेलवाले म्हणतात, ते उगाच नाही.

एकाच अंगात दोन जीव

पतंग आणि भिंगरी एकत्र नांदवायच्या तीन रीती आहेत.

सगळ्यात सरळ रीत म्हणजे विमानाला ड्रोन जोडून टाकायचं. पंखांच्या खाली दोन दांड्या, दांड्यांच्या टोकांना चार उभ्या मोटरी, आणि शेपटाकडे ढकलणारी एक वेगळी मोटर. याला 'क्वाडप्लेन' म्हणतात. बांधायला सोपं, चूक झाली तर सावरायलाही सोपं. तोटा उघड आहे. एका मोटरीमागे पंखा, तिचा वेग सांभाळणारा ईएससी आणि वायरी मिळून शंभरेक ग्रॅम होतात. दांड्या धरून अर्धा किलोचा हा संसार विमान सगळा वेळ वाहतं आणि वापरतं दोन मिनिटं. हा भार काढला तर तेच विमान त्याच बॅटरीवर सव्वा तास उडेल. लग्नाला एकदा घालायच्या शेरवानीत वर्षभर ऑफिसला जाण्यातला प्रकार.

दुसऱ्या रीतीत मोटरीच वळतात. उठताना तोंड आकाशाकडे, उडताना पुढे. त्याच मोटरी दोन्ही कामं करतात, म्हणून वजन वाचतं. हॉरायझन हॉबीचं 'कन्व्हर्जन्स' हे मॉडेल असंच आहे. पुढच्या दोन मोटरी वळतात, मागची एक स्थिर राहते. पण मोटर वळवणारा सर्वो अर्ध्यात अडकला, तर एक मोटर वर आणि एक पुढे बघते. त्यानंतर काय होतं ते सांगायला नको.

तिसरी रीत मला सगळ्यात देखणी वाटते आणि सगळ्यात जास्त घाबरवते. काहीच वळवायचं नाही, अख्खं विमानच शेपटावर उभं करायचं. ते रॉकेटसारखं उठतं, वर जाऊन आडवं होतं, उतरताना पुन्हा उभं राहून शेपटावर बसतं. हा 'टेलसिटर'. यात एक गंमत आहे. उभं असताना जे स्वतःभोवती गिरकी घेणं असतं, तेच आडवं झाल्यावर कुशीवर लोळणं होतं. एकाच हालचालीचं नाव उड्डाणाच्या मध्यावर बदलतं आणि रिमोटवरच्या बोटांना ते त्या क्षणी उमजावं लागतं.

माणसानं यात बसूनही बघितलंय. अमेरिकेत कॉनव्हेअर कंपनीनं नौदलासाठी 'पोगो' नावाचं लढाऊ टेलसिटर बांधलं. २ नोव्हेंबर १९५४ ला वैमानिक जेम्स कोलमन यांनी ते उभं उडवलं, आडवं केलं आणि पुन्हा शेपटावर उतरवलं. उतरताना ते पाठीवर झोपल्यासारखे, तोंड आकाशाकडे, आणि जमीन बघायला मान मागे वळवून खांद्यावरून बघणार. कारची समांतर पार्किंग करताना आपली जी अवस्था होते, तीच, फक्त इमारतीएवढ्या उंचीवर. असले वैमानिक हजारांनी कुठून आणायचे? प्रकल्प गुंडाळला गेला.

पालखीचे भोई

आता ती दहा सेकंदं.

गावच्या जत्रेत पालखीचे भोई चालता चालता बदलतात. नवा भोई येऊन दांडीला खांदा लावतो, चार पावलं दोघं मिळून चालतात, भार आपल्यावर आला हे नव्याला कळतं आणि मग जुना अलगद बाजूला होतो. पालखी थांबत नाही, कलत नाही. जुन्यानं अंदाजानं खांदा काढला तर?

ट्रान्झिशन म्हणजे ही अदलाबदल. पावणेदोन किलोची पालखी चार उभ्या मोटरींच्या खांद्यावर असते. मागची मोटर विमान पुढे ढकलायला लागते. वेग सेकंदाला ५ मीटर झाला तेव्हा पंखानं पावपट भार घेतलेला असतो, ७ मीटरला निम्मा. उंची कायम राखायची म्हणून उभ्या मोटरी तेवढ्याच सैल होत जातात. स्टॉलच्या वेगावर चांगली वाढ धरून, म्हणजे १३ मीटरच्या पुढे, पंख पूर्ण भार घेऊ शकतो. तरी मोटरी लगेच बंद करत नाहीत. 'आर्डुपायलट' ही अशा मॉडेलांत सर्रास वापरली जाणारी खुली, फुकट प्रणाली आहे. तिच्यात ठरावीक वेग गाठल्यावरही उभ्या मोटरी सुमारे पाच सेकंद घेत हळूहळू उतरत्या केल्या जातात. दोन भोई मिळून चालतात ती हीच चार पावलं.

माझ्या पहिल्या मॉडेलच्या बाबतीत मी जुन्या भोयाला अंदाजानं काढलं. ज्वारी काढून झालेलं एक रान होतं, संध्याकाळची वेळ. मॉडेल बारा मीटरवर तरंगत होतं, वारा माझ्या पाठीमागून येत होता आणि मी ते माझ्यापासून लांब, म्हणजे वाऱ्याबरोबरच पिटाळलं. दिसायला झकास वेग आला. मी उभ्या मोटरींचा स्विच पाडला. क्षणभर ते तसंच गेलं. मग डावा पंख कुणीतरी खालून ओढावा तसा पडला, नाक त्याच्यामागे गेलं आणि 'कडाड' असा कोरडा आवाज आला.

मागून येणारा वारा सेकंदाला ५ मीटर होता. जमिनीवरून बघताना मला दिसले १२ मीटर, पण पंखाला मिळालेली हवा फक्त ७ मीटरची. म्हणजे पंखानं निम्मं वजन धरलं होतं आणि उरलेलं निम्मं मी हवेवर सोडलं! दोन प्रॉप, म्हणजे मोटरीवरचे पंखे, गेले, कार्बनची एक दांडी उभी चिरली. बॅटरी उडून दहा फुटांवर पडली. ती उचलून पिशवीत टाकायचा मोह झाला, तो आवरला. आपटलेली लिथियम बॅटरी उशिरानंही पेट घेते, म्हणून अर्धा तास ती मोकळ्या ढेकळांवर ठेवून मी शेजारी बसून राहिलो.

तेव्हापासून माझ्या मॉडेलच्या पंखावर एक बारीक नळी असते, पिटो ट्यूब. तोंड पुढे असतं, त्यात हवा शिरते, दाब मोजला जातो आणि त्यावरून हवेतला वेग कळतो. जमिनीवरचा वेग जीपीएस सांगतो, पण पंखाला त्याचं काही देणंघेणं नाही. घरी ठेवताना नळीला टोपण घालायचं. कुंभारीण माशीला असल्या नळ्या मातीनं लिंपायला फार आवडतात. हसण्यावारी नेऊ नका. १९९६ साली डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये १८९ जणांना घेऊन बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, कुणी वाचलं नाही. चुकीचा वेग दाखवणाऱ्या त्या नळीत अशाच माशीनं घर केलं असावं, असा तपासातला संशय होता.

उतरताना काय वेगळं?

क्रम उलटा, आणि अडचणी नव्या. आधी उभ्या मोटरी जाग्या करायच्या, मग पुढचा वेग मारायचा. एवढं झालं की विमान पुन्हा ड्रोन होतं, पण पंख काही काढून ठेवता येत नाहीत. तरंगताना ते शिडासारखे वागतात. बाजूनं वारा आला की अख्खं विमान ढकललं जातं आणि उभी शेपटी त्याला वाऱ्याकडे फिरवायला बघते. चार पंख्यांच्या यंत्राची स्वतःभोवती वळायची ताकद मुळात तोकडी असते, कारण तिथे फक्त पंख्यांच्या उलटसुलट फिरण्यातला फरक कामाला येतो. त्यामुळे शेपटीशी भांडून उपयोग नाही. शहाणी सॉफ्टवेअर भांडतही नाहीत. चर्चच्या शिखरावरच्या वातकुक्कुटासारखं विमानाला नाक वाऱ्याकडे वळवू देतात.

दुसरी अडचण बॅटरीची. उठतानासारखीच उतरतानाही भरपूर वीज लागते, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी दमलेली असते. पेट्रोल संपत आलं असताना गाडी घाटाच्या पायथ्याशी यावी तसं. म्हणून मी ३० टक्के उरले की परत बोलावतो. साध्या विमानाची मोटर बंद पडली तर ते पंखांच्या आधारानं सावकाश तरी खाली येतं. तरंगत्या क्वाडप्लेनला ती सोय नाही, पुरेसा वेग नसल्यामुळे पंख असून नसल्यासारखे.

"पण हे सगळं कॉम्प्युटरच करतो ना?"

बरंचसं, हो. सोळाव्या मजल्यावरून पडणारं मांजर जसं हवेतच अंग सावरतं, तसं फ्लाइट कंट्रोलर नावाचा काडेपेटीएवढा तुकडा करतो. त्यातली कललेपणा ओळखणारी चिप काही शे रुपयांची असते. आर्डुपायलटवरच्या क्वाडप्लेनमध्ये ती माहिती घेऊन सेकंदाला ३०० वेळा मोटरींना नवे हुकूम जातात. कोलमन यांच्याकडे ही चिप नव्हती, हाच पोगोच्या आणि आपल्यातला खरा फरक.

पण कॉम्प्युटरला मोटर उलटी जोडली आहे हे कळत नाही. बॅटरी दोन सेंटिमीटर मागे सरकून वजनाचा तोल गेलाय हे त्याला जमिनीवर कळत नाही, हवेत गेल्यावर कळतं. म्हणून माझं निम्मं काम जमिनीवर होतं: दोन बोटांवर पंख तोलून तोल बघायचा, प्रॉप काढून मोटरींची दिशा तपासायची. प्रॉप काढूनच. १० इंची प्रॉप बोटाचं काय करतो, ते शिवणकाम केलेल्या डॉक्टरांना विचारा.

"मग सरळ हेलिकॉप्टरच का नाही?"

कारण त्याला सगळा प्रवास भिंगरीच्याच जिवावर करावा लागतो. शिवाय त्याच्या डोक्यावरची पाती दर फेरीत कोन बदलतात, ते सांधे सांभाळणं हा पूर्णवेळ उद्योग आहे. जवळपास जायचं, बराच वेळ एका जागी थांबायचं, तर हेलिकॉप्टर किंवा ड्रोन. लांब जायचं आणि धावपट्टी नाही, तर व्हीटॉल. लांब जायचं आणि धावपट्टी आहे, तर साधं विमान घ्या, उगाच चार मोटरी मिरवू नका.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. गोव्यात दाबोळीला १९८३ ते २०१६ या काळात राहिलेल्यांनी नौदलाची सी हॅरिअर विमानं हवेत उभी राहिलेली बघितली असतील. त्या आवाजानं खिडक्यांची तावदानं थरथरायची. पण हीच विमानं 'विराट' या युद्धनौकेवरून उडताना उभी उठत नसत. डेकवरून धावत जाऊन टोकाच्या १२ अंशांच्या चढावरून झेप घेत. उभं उठायचं तर इंधन आणि शस्त्रं कमी करावी लागतात. मोहिमेवरून हलकी होऊन परतली की मात्र उभी उतरत.

उडत्या टॅक्सींच्या चित्रांकडे आता या नजरेनं बघा. जोबी कंपनीच्या विमानाचे सहाही पंखे वळतात. आर्चरच्या 'मिडनाइट'चे बारांपैकी पुढचे सहा वळतात, मागचे सहा फक्त उठण्या-उतरण्यापुरते. व्होलोकॉप्टरला १८ पंखे आणि पंख नाहीतच, म्हणजे ती निव्वळ भिंगरी. कुणाची टॅक्सी किती लांब जाऊ शकेल, याचा अंदाज चित्रावरूनच येतो. आपल्याकडे नवी मुंबईच्या आयडियाफोर्जचं 'स्विच' हे पंखांचं आणि उभं उठणारं टेहळणी विमान आहे. जानेवारी २०२१ मध्ये लष्करानं त्यासाठी सुमारे २ कोटी डॉलरचा करार केला. डोंगरात धावपट्टी कुठून आणणार?

"परवानगी लागते का?"

२०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल हा वेगळा प्रकार मानला आहे: २५ किलोपर्यंत वजन, छंद, शिक्षण किंवा प्रयोगासाठी वापर, आणि उड्डाण नजरेच्या टप्प्यात. ४० मिनिटं उडू शकणारं विमान कितीही लांब गेलं असतं, तरी दिसेनासं होऊ द्यायचं नाही. वजन २ किलोच्या आत आणि धंद्यासाठी वापर नसेल, तर वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. माझ्या मॉडेलचे १८०० ग्रॅम योगायोगानं आलेले नाहीत. उंची हिरव्या क्षेत्रात, म्हणजे जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही तिथे, १२० मीटरपर्यंत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरच. आपली जागा कुठल्या रंगात येते ते 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर दिसतं. परदेशी तयार ड्रोन आणायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग चालतात. त्यामुळे हौशी माणूस आपोआप सोल्डरिंग शिकतो.

पुण्यात लोहगावच्या विमानतळामुळे बराच भाग बाद होतो. म्हणून आम्ही उजाडायच्या आत गाडी काढून शहराबाहेरचं एखादं रान गाठतो. मॉडेल जोडून झालं, तोल बघून झाला, पिटोचं टोपण काढलं, की मूठभर माती उचलायची आणि हात लांब करून हळूहळू सोडायची. ती ज्या बाजूला उडते, त्याच्या बरोबर उलट दिशेला विमानाचं नाक.